बांध आणि शास्त्र

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. तो तिकडं इंजिनिअरिंगला आहे. संध्याकाळी मी चष्मा पुसून शास्त्र उघडलं, तर त्यानं विचारलं, "आजोबा, हे पुस्तक तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत किती वेळा वाचलंय?" मी मनाशी हिशेब केला. म्हटलं, "अकरा वेळा झालं. बारावी फेरी चालू आहे." तो म्हणाला, "मग आता पाठच असंल. माणसं तीच, गोष्टी त्याच. तरी रोज वाचून काय मिळतं?"

पोरगं उद्धटपणानं विचारत नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "जेवण झाल्यावर सांगतो." जेवण झालं, तो मोबाइल घेऊन पडला आणि मीही गप्प बसलो. कारण खरं उत्तर द्यायचं तर मला एक चोरी कबूल करावी लागली असती. ती आमच्या घरातल्या दोघांना आणि घराबाहेरच्या एका बाईला ठाऊक होती. त्यातली दोन माणसं आता हयात नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो. नातवानं कधी वाचलं तर त्याला उत्तर मिळेल.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. नगर जिल्हा, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं, आणि पुढं दुष्काळाच्या वर्षांत आमच्या भागातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. त्यात आमचंही एक. माझ्या आजोबांच्या बापाला चावडीची पायरी चढता येत नव्हती आणि अक्षराचा तर संबंधच नव्हता. आजोबा मात्र मिशनच्या रात्रीच्या शाळेत बसून बाप्या माणूस झाल्यावर अक्षरं शिकले. ते सांगायचे, पहिल्यांदा शास्त्रातली एक ओळ स्वतःच्या बोटाखाली वाचली त्या रात्री त्यांना झोप आली नाही. देव काय म्हणतो ते आता दुसऱ्या कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून घरात रीत पडली. दिवे लागले, जनावरांना वैरण टाकून झाली, की चूल पेटायच्या आत सगळ्यांनी ओसरीवर बसायचं. एक अध्याय वाचायचा, एक गायन म्हणायचं, प्रार्थना करायची. अध्याय रोज एकच, पण क्रमानं. काल जिथं खूण ठेवली तिथून पुढं. शास्त्रात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. रोज एक वाचला तर सव्वातीन वर्षं लागतात. आजारपण, लग्नकार्य, रात्रीचं पाणी धरायची पाळी, असे दिवस सोडले तर आमची फेरी साडेतीन वर्षांना पुरी व्हायची.

आजोबांनंतर वडील वाचायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. 1972 च्या दुष्काळात दादा आणि आई खडी फोडायच्या कामावर जायचे. मी तेव्हा तेरा वर्षांचा. सुकडी खाऊन दिवस काढले. दिवसभर घण मारून दादांचे हात असे सुजायचे की पान उलटताना बोट वाकायचं नाही. तरी चिमणीच्या उजेडात अध्याय व्हायचाच.

दादांचा एक नियम होता. काहीही गाळायचं नाही. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सुरुवातीला नऊ अध्याय जवळपास नुसती नावंच आहेत. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. आम्हा पोरांना हसू फुटायचं, पेंग यायची. मी एकदा म्हटलं, "दादा, ही नावं सोडून पुढं वाचा ना." दादांनी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या आज्या-पणज्यांची नावं कुठल्या कागदावर हायेत का रं? कुणीतरी गाळलीच ना? मग आपण कुणाची गाळायची नाहीत." तेव्हापासून मी नावंसुद्धा गाळत नाही.

या नियमाचा खरा अर्थ मला पुढं वेगळ्याच ठिकाणी कळला.

1983 साली दादा गेले. मी दहावी झालेला, घरात वाचणारा थोरला, म्हणून शास्त्र माझ्या हाती आलं. त्याच सुमारास शेतही माझ्या हाती आलं. आमची जमीन मुळात वतनाची. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली आणि पैसे भरून ती जमीन आजोबांच्या नावावर झाली. पुढं दादा आणि चुलते यांच्यात वाटणी झाली. मध्ये बांध पडला. बांधावर एक जुनी बोर होती आणि दोन्ही टोकांना हद्दीचे दगड. पलीकडचं रान चुलत्यांकडून माझ्या चुलत भावाकडं गेलं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. 1984 साली तो कावीळ होऊन वारला. मागं वहिनी आणि दोन वर्षांचा मुलगा.

वहिनीकडं बैल नव्हते. मयतानंतरच्या महिन्यात ती आमच्या दारी आली. म्हणाली, "भाऊजी, आमचंबी रान तुम्हीच नांगरा. मी तुमच्याकडं खुरपायला येईन. पैशाचं काय ते सुगीला बघू." मी हो म्हटलं. आईला बरं वाटलं. पाळकसाहेबांनी रविवारी देवळात माझं नाव घेऊन सांगितलं की विधवेची काळजी घेणं हाच खरा धर्म, असं याकोबाच्या पत्रात लिहिलेलं आहे. मी मान खाली घालून ऐकलं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात, म्हणजे 1985 ला, मी पहिल्यांदा बांध कोरला.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांध चोरायला रात्र लागत नाही, कुदळ लागत नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत चोरता येतो. नांगराचं शेवटचं तास बांधाच्या कडेला लागतं तेव्हा बैलाचा कासरा जरासा ओढायचा. वीतभर माती ढासळते. पलीकडून नांगरताना तेवढीच वीत सोडायची आणि तिथं ढेकळं चढवायची. एका पावसाळ्यात गवत येतं आणि नवी कड जुनी दिसायला लागते. दोन्हीकडचा नांगर माझ्याच हातात होता. मला अडवणार कोण? हद्दीचे दगड मात्र मला हातानं उचलावे लागले. ते काम मी एकदाच, तिसऱ्या वर्षी केलं, आणि नंतर दर वर्षी थोडं थोडं.

मला जमिनीची फार नड होती का? नव्हती. पोटापुरतं पिकत होतं. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं होतं. पण ज्यांच्या पूर्वजांना वतनाच्या तुकड्यापलीकडं स्वतःची म्हणावी अशी माती नव्हती, त्यांच्या रक्तात मातीची एक भूक असते. मी ती सबब म्हणून सांगत नाही. वहिनीचे पूर्वज तेच होते. तिलाही तीच भूक असणार.

दर साल एक वीत. तेरा वर्षांत जवळपास दहा फूट झाले. बांधाची लांबी तीनशे तीस फूट. म्हणजे तीन गुंठे. ऐकायला काहीच नाही. एकरात चाळीस गुंठे असतात. पण तिचं सगळं रान दीड एकर होतं.

आता शास्त्राकडं येतो.

बांधाचा विषय शास्त्रात किती ठिकाणी आहे हे शहरातल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. ईयोबाच्या 24 व्या अध्यायात आहे, नीतिसूत्रांत 22 व्या आणि 23 व्या अध्यायात आहे. त्यातल्या 23 व्या अध्यायात तर पोरक्यांच्या शेतात शिरू नको असं सरळ सांगितलं आहे. होशेयातही आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांना नांगराचं शेवटचं तास माहीत होतं. पण सगळ्यांत कडक जागा अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि ती दोनदा आहे. 19 व्या अध्यायात आज्ञा आहे की शेजाऱ्याची हद्द सरकवू नये. 27 व्या अध्यायात शाप आहे. एबाल डोंगरावर लोक उभे राहतात, लेवी मोठ्यानं एकेक शाप सांगतात आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. असे बारा शाप आहेत. मूर्ती करून लपून पूजणाऱ्याला पहिला, आईबापांचा अवमान करणाऱ्याला दुसरा, आणि शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला तिसरा. विधवेचा आणि पोरक्याचा न्याय बिघडवणाऱ्याचा पाचवा.

हा अध्याय वाचायची आमच्या घरात आजोबांनी घालून दिलेली पद्धत होती. वाचणाऱ्यानं शाप वाचायचा, थांबायचं आणि ओसरीवरच्या सगळ्यांनी एका आवाजात आमेन म्हणायचं. मग वाचणाऱ्यानंही म्हणायचं. लहानपणी आम्हाला हा अध्याय फार आवडायचा, कारण बारा वेळा ओरडायला मिळायचं.

बांध कोरायला लागल्यापासून तो अध्याय पहिल्यांदा आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. खरंच काही नाही. मी तिसरा शाप वाचला, सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो आणि चौथ्यावर गेलो. माझ्या मनात हद्द म्हणजे तिकडची, यार्देन नदीच्या पलीकडची. आपल्या रानातला बांध तिच्यात बसतो हे सुचलंसुद्धा नाही. सुचू दिलं नाही, असंही असेल.

दुसऱ्या फेरीला त्या ओळीपाशी माझा आवाज घाईत आला. एवढंच.

तिसऱ्या फेरीला मला राग आला. वाचता वाचता मी मनातल्या मनात वकिली करू लागलो. वाटणीत चुलत्यांनी काळी रानाची बाजू घेतली होती, आम्हाला मुरमाड दिली. मी वहिनीचं रान बाजारभावापेक्षा स्वस्तात नांगरतो. तिच्या पोराला शाळेचं दप्तर मी घेतलं. शेवटी दोन्ही रानं एकाच आज्याची ना? असे चार मुद्दे तयार होईपर्यंत आमेन म्हणून झालं होतं.

मी सुगीच्या सणाला देवळात दर वर्षी ज्वारीचं पोतं न्यायचो. त्या दहा फुटांतली ज्वारीही मी देवाला वाहिली आहे.

चौथी फेरी 1998 साली आली. कार्तिकातले दिवस, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागलेली. ओसरीवर मी, बायको, दोन पोरं आणि आई. आई तेव्हा सत्तरीला आलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायला कमी. अक्षरओळख तिला नव्हतीच. तिच्या वाट्याला जे शास्त्र आलं ते सगळं कानांनी. आधी सासऱ्याच्या तोंडून, मग नवऱ्याच्या, मग माझ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळ्या शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायामाणसांना कळावं एवढाच त्यांचा हेतू होता. ते पुस्तक त्यांच्या मरणानंतर 1924 साली निघालं. आमच्या घरात ती प्रत नव्हती. पण त्यांनी ज्या बाईसाठी एवढे कष्ट केले ती माझ्या आईसारखीच असणार, असं मला नेहमी वाटतं.

मी पहिला शाप वाचला. आमेन झालं. दुसरा वाचला. आमेन झालं. तिसरा वाचला. बायको आणि पोरं म्हणाली. आईचा आवाज आला नाही.

आईचं आमेन सगळ्यांच्या मागून, जरा लांबट यायचं. ते नाही आलं की ओसरी मोकळी वाटायची. मला वाटलं, डुलकी लागली असेल. चौथा शाप वाचला, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याचा, तर आई खणखणीत म्हणाली, "आमेन." मग पुढचे आठही ती म्हणाली.

गायन झालं, प्रार्थना झाली. पोरं उठून गेली. बायको चुलीकडं गेली. मी खूण ठेवून पुस्तक मिटलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आई, मघाशी एकदा आमेन म्हणली नाहीस?"

ती म्हणाली, "नाय म्हणले."

"का?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "लेकरा, तू आमेन म्हण. तुला म्हणाया येतंय. पर म्या मह्या तोंडानं मह्याच लेकराला शाप कसा देऊ?"

मी गप्प. ती म्हणाली, "गेल्या टायमालाबी म्या म्हणले नव्हते. तुह्या ध्यानात नाय आलं."

मग तिनं सांगितलं. ती गवताला जायची ती बांधानंच. डोळ्यांना दिसेना तेव्हा काठीनं चाचपत जायची. बोरीच्या बुडाशी बसून पाणी प्यायची तिची सवय. बोर बांधावर होती. मग एका वर्षी बोरीजवळ जायला बांध सोडून चार पावलं आपल्या रानात यावं लागलं. पुढं जास्त पावलं. "झाड तर चालत नाय," ती म्हणाली, "मग चाललं कोण?"

आईनं रागावून एक शब्द काढला नाही. ती उठली आणि भिंतीला धरून आत गेली.

त्यानंतर तीन दिवस मी अध्याय वाचला नाही. दादा गेले त्या दिवशीसुद्धा आमच्या घरी वाचन झालं होतं. बायकोनं विचारलं, मी म्हटलं डोकं दुखतंय. चौथा दिवस रविवार होता. देवळात दानाची थैली फिरायला लागली आणि मला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली गोष्ट आठवली. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी त्याच्याशी मिटवून ये, असं प्रभू सांगतो. मी थैली पुढं सरकवली आणि उठून बाहेर आलो.

वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. तिचा पोरगा तेव्हा सोळा वर्षांचा. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, "वहिनी, बांध मी सरकवलाय. दहा फूट तुमचे माझ्याकडं आहेत."

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "ठाऊक हाय भाऊजी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तिसऱ्या साली दगड हलला तेव्हा तर नक्कीच."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मान वर केली. म्हणाली, "बोलले असते तर नांगरलं कोणी असतं?"

मला वाटायचं की मी चोरी लपवून केली. ती लपलेली नव्हतीच. माझी आई ती जाणत होती आणि वहिनीही जाणत होती. दोघींना गप्प बसावं लागत होतं. एकीला माझ्यावरच्या मायेपायी आणि दुसरीला माझ्यावाचून चालत नव्हतं म्हणून. तेरा वर्षं मी दोन बायांच्या गप्प बसण्यावर पीक काढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी, वहिनी आणि तिचा पोरगा असे तिघं बोरीपाशी गेलो. दोरी धरली. दगड जुन्या जागी रोवले. सहा-सात ओळी उभी ज्वारी तिच्या बाजूला गेली. ती मी कापली नाही, तिची ती तिनं कापली. बांधाची माती ओढायला मला चार दिवस लागले. फावड्यानंच ओढली. त्यासाठी बैल जुंपायची लाज वाटली.

लूकाच्या 19 व्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. तो झाडावर चढतो, आणि खाली उतरल्यावर म्हणतो की ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करीन. मी जक्कयाएवढा मोठा नव्हतो. मी तेरा वर्षांच्या ज्वारीचा अदमास काढला आणि दोन सुगींत मिळून तेवढं धान्य तिच्या घरी पोचवलं. चौपट नाही, एकपट. वहिनीनं पोती मोजून घेतली. नको म्हणाली नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. तिनं मोठेपणानं नको म्हटलं असतं तर मला तिथंही पुण्य मिळाल्यासारखं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं रान एका ट्रॅक्टरवाल्याकडून नांगरून घेतलं. मला बोलावलं नाही. बोलणं कधी तुटलं नाही, सणाला ताट यायचं, जायचं. पण तिच्या रानात पुन्हा माझा नांगर गेला नाही. काही लोक म्हणतात क्षमा झाली की सगळं पहिल्यासारखं होतं. तसं झालं नाही, आणि व्हायला पाहिजे होतं असंही मला वाटत नाही. आई 2006 ला गेली, वहिनी करोनाच्या दुसऱ्या वर्षी. तिच्या मातीला मी होतो. बांधावरून चालतच गेलो.

आता नातवाचा प्रश्न. रोज वाचून काय मिळतं?

पहिलं उत्तर कडू आहे. नुसतं वाचून काही मिळत नाही. मीच पुरावा आहे. तेरा वर्षं मी एक दिवस चुकवला नाही म्हणा ना, आणि त्याच तेरा वर्षांत दर उन्हाळ्याला चोरी केली. उलट वाचनानं मला आडोसाच दिला. जो रोज संध्याकाळी शास्त्र वाचतो तो बांध कोरेल असं गावाला वाटलं नसतं. मलाही वाटत नव्हतं. मी चांगला माणूस आहे याची खूण म्हणून ते पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. माणूस देवाच्या पुस्तकाआड लपू शकतो. सांगायला कठीण आहे, पण दुसऱ्या कशाच्याही आड लपण्यापेक्षा ते सोपं जातं.

मग सोडून का दिलं नाही? इथंच दादांचा नियम येतो, काही गाळायचं नाही. मी मर्जीनं वाचणारा असतो तर 23 वं स्तोत्र वाचलं असतं, डोंगरावरचं प्रवचन वाचलं असतं, करिंथकरांतला प्रीतीचा अध्याय वाचला असता. अनुवादाचा 27 वा अध्याय मी जन्मात उघडला नसता. कोण आपणहून स्वतःचा शाप शोधायला जाईल? पण क्रमानं वाचायचं म्हटलं की ते पान येतंच. आज नाही तर साडेतीन वर्षांनी. तुम्ही तिथं जात नाही, ते तुमच्याकडं चालत येतं. पहिल्यांदा तुम्ही बहिरे असता, दुसऱ्यांदा घाई करता, तिसऱ्यांदा भांडता. त्याला घाई नसते. फेरी मारून ते परत येतं.

हल्ली माझा मुलगा रोज सकाळी मोबाइलवर आजचं वचन पाठवतो. मागं फुलं असतात, उगवता सूर्य असतो. भिऊ नको, मी तुला सांभाळीन, अशा अर्थाची वचनं असतात. ती खोटी नाहीत. दुखण्यात मला त्यांनी धीर दिला आहे. पण इतक्या वर्षांत मला बांधाचं वचन फुलांच्या चित्रावर कधी आलेलं नाही. येणारही नाही. पाठवणारा निवडून पाठवतो, आणि निवडताना कोणीही प्रेमाच्या माणसाला शाप पाठवत नाही. माझी आईसुद्धा पाठवू शकली नाही.

दुसरी गोष्ट मोठ्यानं वाचण्याची. शेजारचे माळकरी नाना माझ्याच वयाचे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातले आम्ही, त्यामुळं सप्ताह आणि पारायणं आमच्या कानांवर बाराही महिने. मी ही हकीकत नानांना पुष्कळ वर्षांनी, नाव न घेता, कुणा तिसऱ्याची म्हणून सांगितली. त्यांनी ओळखलं असणार. म्हणाले, "एकट्यानं वाचलं तर पोथी माणसाच्या बाजूनं बोलती. चार माणसांत वाचलं तर ती तिच्या बाजूनं बोलती." मला ते पटलं. मी ते अध्याय खोलीत एकटा बसून मनातल्या मनात वाचले असते तर माझी वकिली मरेपर्यंत चालली असती. समोर कोणीतरी ऐकणारं होतं, आणि ते माझं रान ओळखत होतं. शास्त्र ज्या रात्री मला कळलं त्या रात्री वाचणारा मी असलो तरी समजणारी आई होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती बांधावरून चालत होती आणि रात्री ऐकत होती, आणि या दोन गोष्टी तिनं वेगळ्या ठेवल्या नाहीत. मी दहावी झालेला, मी त्या तेरा वर्षं वेगळ्या ठेवल्या.

तेव्हा नातवा, मला काय मिळालं ते असं. मी फार सुधारलो असं मला वाटत नाही. अजून लोभ होतो, अजून कासरा ओढावा वाटतो. पण आपण कुठं आहोत हे मला फार काळ चुकवता येत नाही, एवढं मिळालं.

एक गोष्ट मी नंतर मोजून पाहिली. अनुवादाचा 19 वा अध्याय आणि 27 वा अध्याय यांत आठ दिवसांचं अंतर पडतं. आधी आज्ञा येते आणि आठ दिवसांनी शाप. मला ती नोटीस वाटते. 1998 पासून मी तसं धरूनच चालतो. 19 वा अध्याय झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर जातो. या टोकाचा दगड पाहतो, त्या टोकाचा पाहतो. बोर आता वाळत चालली आहे, एकाच फांदीला पाला येतो. तिच्या बुडापासून बांधाच्या दोन्ही कडा पावलांनी मोजतो. मग वहिनीचा मुलगा रानात असला तर हाक मारतो. तोही येतो. त्याला आता सगळं ठाऊक आहे. दोघं बोरीपाशी उभे राहून पाण्याच्या पाळीचं बोलतो आणि आपापल्या कामाला लागतो.

बाराव्या फेरीतला अनुवादाचा 27 वा अध्याय येत्या मार्गशीर्षात येईल. ओसरीवर आता मी आणि बायको दोघंच असतो. तिसरा शाप वाचला की मी जरा थांबतो. आईच्या आमेनाइतकी जागा सोडतो. मग आम्ही दोघं म्हणतो.